सिनियर प्राध्यापकांसाठी दोन दिवसांचं लिंगसमानता वर्कशॉप, नागपूर : पैसे वसूल, पण एकाच सेशनमुळे

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी साडेतीन. त्यातले अडीच पहिल्या दिवशीच्या दुपारच्या सेशनचे आणि उरलेला एक दुसऱ्या दिवशीच्या तर्री पोह्यांचा. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण काही गोष्टी वाईट लिहिणार आहे आणि अशी वर्कशॉपं घेणाऱ्या संस्था आता पैशाला पासरी झाल्या आहेत, तुमच्या कॉलेजात कुणी ब्रोशर घेऊन आलं तर काय विचारायचं एवढं यातून कळलं तरी पुरे.

माझी ओळख द्यायची तर इथल्याच एका अनुदानित कॉलेजात सायन्सला आहे, एचओडी म्हणजे विभागप्रमुख होऊन आठ वर्षं झाली, रिटायरमेंटला साडेतीन वर्षं आहेत. प्राचार्यांचं पत्र आलं की नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) सातव्या निकषात लिंगसमानतेसाठी काय केलं ते विचारतात, तर सिनियर लोकांनी हे वर्कशॉप करावं, फी साडेतीन हजार कॉलेज भरेल. मी मनात म्हटलं मला कशाला पाठवून राहिले, मी तर बाईच आहे, ज्यांना गरज आहे त्यांना पाठवा ना. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच माझी फजिती झाली.

जागा रामदासपेठेतल्या एका हॉटेलचा हॉल. मी बर्डीला मेट्रो बदलून शंकरनगरला उतरले आणि तिथून ऑटो केला, मे महिना, बाहेर ४४ डिग्री आणि आत एसी इतका की सगळ्या बायका पदर लपेटून आणि स्टोल गुंडाळून बसलेल्या, कोट घातलेले दोन सर सोडले तर कुणालाच धड ऐकू येत नव्हतं थंडीनं. एसी कमी करा म्हणून चार वेळा सांगितलं. रिमोट सापडत नव्हता म्हणे.

उद्घाटनाची तर गंमतच. सव्वीस लोकांचं वर्कशॉप, विषय समानता आणि दाराशी गुलाबपाणी शिंपडायला साड्या नेसवून उभ्या केलेल्या चार पोरी, बहुतेक कुठल्यातरी एमएसडब्ल्यूच्या असाव्यात. दीपप्रज्वलनाला मेणबत्ती हातात द्यायला पोरगी, पुष्पगुच्छाचा ट्रे धरायला पोरगी, सूत्रसंचालन पोरीचं, आणि स्टेजवर पाच खुर्च्या, पाचही सर. मागच्या रांगेतून एका मॅडमनी हळूच विचारलं की हा डेमो आहे का, म्हणजे काय करू नये याचा? आम्ही हसलो, आयोजकांना कळलं नाही. हे मी दोष म्हणून लिहिते आहे खरी पण आमच्या कॉलेजात काय वेगळं होतं, आमच्याकडेही हेच, फक्त गुलाबपाण्याऐवजी अत्तर असतं.

पहिलं सेशन पूर्ण स्लाईडचं. ट्रेनर मॅडम पुण्याच्या, बोलायला छान पण स्लाईड सगळ्या इंग्रजी आणि अक्षरं मुंगीएवढी. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांगितली, १९३३ साली बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामननी बाई आहे म्हणून प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या, मग वर्षभर काम बघू आणि मग ठरवू अशा अटींवर घेतलं, आणि पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. हॉलभर च्च च्च झालं. नव्वद वर्षांपूर्वीचा आणि हजार किलोमीटर लांबचा अन्याय ऐकताना कुणालाच त्रास होत नाही, सगळ्यांना वाटतं आपण असतो तर लगेच घेतलं असतं. माझ्या शेजारचे सर तर फारच हळहळले, आणि हेच सर चहाच्या वेळी सांगत होते की मी पीएचडीला शक्यतो मुली घेत नाही, लग्न होतं आणि मधेच सोडतात, सीट वाया जाते.

त्यानंतर एक बायोडेटाचा खेळ झाला. प्रत्येकाला एका पानाचा बायोडेटा दिला, प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागेसाठी, वाचून किती योग्य वाटतो आणि महिना मानधन किती द्याल ते लिहा. मी अमृता नावाच्या मुलीला २५ हजार लिहिले, शेजारच्या सरांनी अमितला २८. मग मॅडमनी दोन्ही कागद शेजारी धरायला लावले. नावाखेरीज एक अक्षर वेगळं नाही, तेच कॉलेज, तेच मार्क, तोच एक पेपर. त्यांनी सांगितलं की येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हाच प्रयोग अमेरिकेतल्या १२७ सायन्स प्राध्यापकांवर केला होता, जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर वार्षिक पगार सुचवला गेला आणि जेनिफरला २६,५०८, आणि मुद्दा असा की पगार सुचवणाऱ्यांत बायका होत्या त्यांनीही जेनिफरला कमीच लिहिलं. मी माझा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. शेजारचे सर म्हणाले, मॅडम तुमचं तर माझ्याहून कमी निघालं. हो ना, निघालं.

आता ते दुपारचं सेशन. वर्कशॉपच्या आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता की आपल्या विभागाच्या मागच्या दोन वर्षांच्या कामवाटपाच्या ऑर्डर सोबत आणा. सव्वीसपैकी आम्ही चौघांनीच आणल्या होत्या, बाकीच्यांना वाटलं हा नॅकचा मेसेज आहे. मॅडमनी दोन रंगांचे स्केच पेन दिले आणि म्हणाल्या, ज्या कामाचा सीएएसमध्ये (म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेत), प्रमोशनमध्ये, बाहेर नाव होण्यात उपयोग होतो त्याला हिरवं करा, ज्याचा काहीच उपयोग नाही पण कुणीतरी करावंच लागतं त्याला लाल. मग प्रत्येकासमोर बाई की पुरुष तेवढं लिहा.

आमच्या विभागात नऊ जण, मी धरून चार बायका. माझ्या ऑर्डरवर लाल काय काय निघालं ते वाचा. पाहुण्यांचं चहापान, स्वागत समिती, रांगोळी आणि सजावट, मीटिंगचं इतिवृत्त लिहिणं, सूत्रसंचालन, अ‍ॅडमिशनचे फॉर्म तपासणं, आजारी विद्यार्थिनीला घरी पोहोचवणं (हे ऑर्डरमध्ये नसतं पण मॅडम म्हणाल्या तेही लिहा), नॅकच्या फाईलींना टॅग लावणं. हिरवं म्हणजे खरेदी समिती, विद्यापीठाच्या पेपर सेटिंगच्या पॅनेलला नाव पाठवणं, प्रोजेक्टचं प्रपोजल, बाहेर परीक्षक म्हणून जाणं, सेमिनारचं समन्वयकपद. लाल कामं जवळजवळ सगळी दोघींच्या नावावर, त्यातली एक तर जॉइन होऊन जेमतेम चार वर्षं झालेली पोरगी, आणि हिरवी कामं तीन सरांच्यात फिरून राहिलेली. आणि खाली सही माझी. आठही ऑर्डरवर माझी.

मी लगेच बचाव केला, म्हटलं अहो ती कामं त्या नीट करतात, सरांना दिलं तर सूत्रसंचालनात पाहुण्याचं नाव चुकवतात, आणि ती पोरगी कधी नाही म्हणत नाही. मॅडमनी एवढंच विचारलं, तिला कधी विचारलं का, की सरळ नाव लिहिलं? मग त्यांनी २०१७ चा एक अभ्यास सांगितला, अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांचा. गटात एक नावडतं काम असतं, कुणीतरी एकानं उचलायचं, उचलणाऱ्याचं थोडं नुकसान होतं. स्त्री-पुरुष मिसळून बसवले की बायका जास्त वेळा उचलतात, पण नुसते पुरुष बसवले की तेच पुरुष मुकाट्यानं काम उचलतात. म्हणजे बायकांना त्या कामाची हौस असते वगैरे काही नाही, दुसरी कुणीतरी उचलेल अशी सगळ्यांची खात्री असते एवढंच. आणि काम कुणाला सांगायचं हे ठरवणारी व्यक्ती पुरुष असो की बाई, ती बाईकडेच जास्त वेळा जाते. इथं माझी फजिती पूर्ण झाली.

याच सेशनमध्ये त्यांनी अजून एक विचारलं की कुणाच्या भल्यासाठी म्हणून तुम्ही परस्पर काय काय ठरवलं ते लिहा, कागद कुणी बघणार नाही. मला आठवलं २०२३ चा जानेवारी. आपल्याच विद्यापीठात सायन्स काँग्रेस भरली होती, ३ ते ७ जानेवारी, देशभरातून लोक आलेले आणि तिच्या मुख्य विषयातच महिला सक्षमीकरण हे शब्द होते. विभागातून नावं पाठवायची होती. मी त्या ज्युनियरचं नाव पाठवलं नाही कारण तिचं पोरगं दीड वर्षाचं होतं, म्हटलं कशाला तिची ओढाताण. घरापासून पाच किलोमीटरवर. तिला विचारलंही नव्हतं. एका सरांचं नाव पाठवलं होतं, त्यांचं पोरगं तेव्हा किती वर्षांचं होतं हे मला आजही माहीत नाही.

बाकी सेशनचं पटापट सांगते. अंतर्गत समितीवरचं, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीवरचं, चांगलं झालं, वकील मॅडम होत्या आणि मराठीत बोलल्या. २०१३ च्या कायद्यानं समितीत निम्म्या तरी बायका हव्यात, अध्यक्ष सिनियर महिला आणि बाहेरची एक व्यक्ती हवी हे बहुतेकांना माहीत असतं, पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की कुलगुरू, कुलसचिव, डीन, एचओडी वगैरे पदावरची माणसं या समितीवर नकोत, तिचं काम स्वतंत्र राहावं म्हणून. हे ऐकल्यावर हॉलमध्ये दोन सर आणि एक मॅडम एकमेकांकडे बघायला लागले, तिघंही एचओडी आणि तिघंही आपापल्या कॉलेजात समितीवर. मग सिनियर माणसानं करायचं काय, तर तक्रार घेऊन कुणी आलं की केबिनमध्ये चहा पाजून 'जाऊ दे, त्याचं करिअर खराब होईल' म्हणायचं नाही, तिला समितीकडे जायला मदत करायची आणि तक्रार करायला तीन महिन्यांची मुदत आहे हे सांगायचं. समेट हवा तर तो तक्रारदार बाईनं स्वतः मागितला तरच, आणि त्यातही पैसे देऊन मिटवणं कायद्याला चालत नाही. आम्ही सिनियर लोकांनी आजवर किती प्रकरणं 'आपसात मिटवली' याचा हिशेब कुणी मागितला नाही, मागायला हवा होता.

पीएचडीच्या सेशनला त्या सीट वाया जाणाऱ्या सरांना मजा आली नाही. २०२२ च्या यूजीसी नियमांत महिलांना नेहमीच्या मुदतीवर दोन वर्षं जास्त मिळतात, आणि बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, म्हणजे मधेच सोडण्याची वेळ येऊ नये याची सोय नियमातच करून ठेवली आहे, गाईडनं फक्त ती वेळेवर सांगायची असते. सर म्हणाले हे विद्यार्थिनींनी वाचायला हवं. ट्रेनर म्हणाल्या तुम्ही वाचलं होतं का. सर पाणी प्यायला लागले.

सेमिनारमधल्या प्रश्नांवर दहाच मिनिटं दिली पण कामाची होती. २०१८ मध्ये दहा देशांतल्या जवळजवळ अडीचशे सेमिनारमध्ये मोजलं गेलं होतं की प्रश्न कोण विचारतं, पुरुषांकडून प्रश्न येण्याची शक्यता अडीच पट निघाली, आणि पहिला प्रश्न बाईनं विचारला असेल तर हा फरक कमी होतो. अध्यक्षपदावर बसलेल्या माणसाच्या हातात ते असतं, पहिला माईक कुणाकडे जातो. मी जुलैमध्ये आमच्या विभागात करून पाहिलं. पहिला प्रश्न एमएस्सीच्या एका मुलीला विचारायला सांगितला तर ती जी गप्प झाली, वीस सेकंद फक्त पंख्याचा आवाज, मला वाटलं उगाच पोरीला अवघडवलं. मग तिनं विचारलं की सर तुमच्या ग्राफमधला तिसरा पॉईंट का वगळला. पाहुणे सर दोन मिनिटं त्याच्यावरच अडकले. त्यानंतर तिघींनी हात वर केले. पुढच्या वेळी मात्र असं काही झालं नाही, पहिली मुलगी 'छान होतं सर' एवढंच म्हणून बसली.

आता न आवडलेलं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तासिका तत्त्वावरच्या मुलींचा विषयच नाही. आमच्या कॉलेजात शिकवणाऱ्यांत सीएचबीवाल्या कितीतरी जणी आहेत, तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही, बाळंतपणाचे महिने म्हणजे बिनपैशाचे महिने, आणि मागून जागेवर दुसरं कुणी आलेलं असतं. मी हात वर करून विचारलं, तर उत्तर आलं की तो धोरणाचा प्रश्न आहे, आपण मानसिकतेवर बोलतोय. अहो पण पुढच्या सत्रात कुणाला परत बोलवायचं हे सुचवणारी मीच असते, त्यात धोरण कुठून आलं? जातीबद्दल तर अक्षर नाही. नागपुरात बसून दोन दिवस समानतेवर बोलायचं, दीक्षाभूमी तिथून दोन-अडीच किलोमीटरवर, आणि कुठल्या बाईला रांगोळी सांगतात आणि कुठल्या बाईला ताट लावायलाही सांगत नाहीत हा फरक कुणालाच दिसू नये, हे मला फार खटकलं. फीडबॅक फॉर्मवर लिहिलं आहे.

दुसरं, टपरी. आमच्याकडे निम्मे निर्णय गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर होतात, कुणाचं नाव पॅनेलला जाणार, कुठलं प्रोजेक्ट येतंय, हे सगळं सर लोकांना साडेदहालाच माहीत असतं आणि आम्हाला नोटीस लागल्यावर कळतं. तीस वर्षांत मला कुणी टपरीवर बोलावलं नाही, मीही गेले नाही, एचओडी झाल्यावरही. यावर वर्कशॉपमध्ये एक शब्द नाही, सगळं मीटिंगबद्दल. मीटिंगबद्दल जे सांगितलं ते बरोबर आहे म्हणा, संध्याकाळी पाचची मीटिंग ठेवू नका, मी आता साडेबाराची ठेवते, आणि त्याचा सगळ्यात जास्त आनंद एका सरांना झाला, त्यांना पोराला क्लासला सोडायचं असतं.

जेवण ठीक. पहिल्या दिवशी पनीर, पनीर आणि पनीर. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तर्री पोहे होते आणि तर्री खरोखर तर्री होती, वर तरंगणारा लाल तवंग, चणे नीट शिजलेले, मी दोनदा घेतले. मात्र उशिरा आलेल्यांना नुसते पोहे मिळाले. पार्किंग नाही, गाडी घेऊन जाऊ नका. आणि सर्टिफिकेटवर माझ्या नावामागे 'श्री' छापून आलं. सव्वीसही सर्टिफिकेटवर श्री, सॉफ्टवेअरमध्ये तेवढंच होतं म्हणे. मी ते तसंच फ्रेम करून विभागात लावलं आहे.

घ्यावं का? तुमच्या कॉलेजात कुणी असं वर्कशॉप विकायला आलं तर एकच विचारा, कामवाटपाच्या ऑर्डर घेऊन बसवणार का. नाही म्हणाले तर साडेतीन हजारांची लॅबला काचेची भांडी आणा. आणि मार्चमध्ये ८ तारखेच्या आसपास ठेवू नका, तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, फुलं आणि भाषणं होतात. जून बरा, नवीन वर्षाचं कामवाटप तेव्हाच निघतं.

परत आल्यावर मी त्या ज्युनियरला बोलावलं आणि विचारलं की तू कधी नाही का म्हटलं नाहीस. आधी काही बोलेना. मग म्हणाली, मॅडम, तुम्ही नाव लिहून झाल्यावर 'करशील ना?' असं विचारता, त्याला नाही कसं म्हणायचं. सायन्स काँग्रेसचंही मी काढलं. तर म्हणाली, त्या आठवड्यात सासूबाई आल्या होत्या मॅडम, मी पाचही दिवस गेले असते.

यंदाची ऑर्डर मी नव्यानं काढली. लाल कामं नऊ जणांत पाळीनं, आडनावाच्या अक्षरानुसार, मी धरून, त्यामुळे ऑगस्टचं इतिवृत्त मी लिहिलं आणि अक्षर वाईट आहे म्हणून ऐकूनही घेतलं. पेपर सेटिंगच्या पॅनेलला ज्युनियरचं नाव पाठवलं, तिला विचारून. कुरकुर झाली, एक सर म्हणाले मॅडम आता रांगोळी काढायची का आम्ही, म्हटलं काढू नका, रांगोळीच बंद. आणि पंधरा ऑगस्टनंतरच्या पाहुण्यांच्या कार्यक्रमाला सूत्रसंचालन एका सरांकडे आलं. मला वाटलं तसंच झालं, पाहुण्यांचं आडनाव दोनदा चुकवलं, प्रास्ताविकाच्या आधीच आभार मानून टाकले. पहिल्या रांगेत बसून मी आणि ती ज्युनियर एकमेकींकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. डिसेंबरच्या कार्यक्रमालाही तेच सर आहेत, ऑर्डर निघाली आहे.